वहिनीचे मडके

मी लिहावे असे माझ्याजवळ फारसे काही नाही, आणि जे आहे ते लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या पाड्यावर भाऊ-वहिनीच्या मुलाबाळांविषयी दिराने बोलायचे नसते. तशी गोष्ट निघाली की उठून अंगणात जायचे, ही रीत. शिवाय माझ्याआधी आमच्या घरात कोणी अक्षर गिरवलेले नाही, त्यामुळे मी हे लिहिले तरी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता येणार नाही. त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखेच हे आहे. वाचणाऱ्यांनी मला क्षमा करावी. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती एकदा तरी सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावी, एवढेच माझे कारण आहे. घरी मी ती तशी सांगू शकलो नाही.

आमचा पाडा जव्हार संस्थानात, जामसरच्या बाजूला. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई, थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ खाली खाचरात भात आणि वर उतारावर नागली करी. मी आधी जव्हारला शाळेत आणि मग दरबारच्या मदतीने मुंबईला कॉलेजात गेलो. घरी यायचो तो वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत. शेतीची कामे मी पाहिलेली होती. पण हाताला त्यांची सवय राहिली नव्हती. पाड्यावरची माणसे मला मास्तर म्हणत. मास्तर मी नव्हतो. पण धोतर नेसून पुस्तक वाचणाऱ्याला आमच्याकडे दुसरे नाव नव्हते.

वहिनी दाभोशाची. तिला आमच्या घरी येऊन सहा पावसाळे झाले होते आणि मूल नव्हते. उपाय करायचे राहिले नव्हते. मोखाड्याकडच्या एका भगताने एक मुळी दिली होती, ती पाच सकाळी तांदळाच्या धुवणात उगाळून घ्यायची. कुठल्याशा झाडाची साल कमरेला बांधायची. एकदा तर सबंध महिना तिने मीठ सोडले होते. चुलीच्या मागच्या कोनाड्यात या साऱ्या वस्तू पानांत गुंडाळून ठेवलेल्या असत. चूल पेटवताना वहिनी त्यांच्याकडे न पाहता हात घाली आणि बरोबर हवी तीच पुडी काढी.

त्या वर्षी मी सुट्टीत घरी आलो तेव्हा आईने ठरवून टाकले होते. ती वाईट बाई नव्हती. भाकरी थापता थापता, पाऊस कधी येईल हे सांगावे तशा आवाजात तिने मला सांगितले, "या पिकाला घरात दुसरी आणायची. साखरशेतला एक पोर पाहून ठेवली हाय. हिला कोण हाकलत नाय. ही पण राहील."

वहिनी तिथेच मीठ-मिरची वाटत होती. "मी नाय राहणार," ती म्हणाली. पाट्यावरचा हात थांबला नाही.

भाऊ नांगराच्या लाकडावर तासणी चालवत होता. त्याला वहिनी हवी होती, हे मला ठाऊक आहे. पण आईसमोर नाही म्हणणे त्याला कधी जमले नव्हते.

पुढच्या बाजाराला वहिनी डिंक विकायला जव्हारला निघाली आणि मला सोबत घेतले. डिंक विकून झाल्यावर ती मला एका म्हाताऱ्या मुसलमान अत्ताराच्या दुकानी घेऊन गेली. जडीबुटी, अर्क, सुरमा असे तो विकी. गावात त्याला सगळे चाचा म्हणत. वहिनी पायरीवर बसली, दुसरीकडे तोंड करून, आणि मला म्हणाली, "तू सांग."

मी काय सांगणार? मी दोनदा घसा खाकरला. चाचाने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि त्याला समजले.

"किती वर्षं?"

"सहा," वहिनी रस्त्याकडे पाहत म्हणाली.

"दवा देईन. पण बेटी, दवा कुणाला देऊ? खोट एका घरात आणि दवा दुसऱ्या घरात, असं होऊ नये. आधी पाहून घ्या."

मग त्याने एक रीत सांगितली. त्याच्या बापाने त्याला सांगितलेली. दोन मडकी घ्यायची. दोन्हींत एकाच जागची माती, सात-सात दाणे. रोज सकाळी उठल्यावरचे पहिले पाणी, म्हणजे लघवी, नवऱ्याने आपल्या मडक्यात सोडायचे, बायकोने आपल्या. सात-आठ दिवसांत ज्याचे उगवेल तो निर्दोष. ज्याचे उगवणार नाही, दवा त्याला.

"गहू घ्या," चाचा म्हणाला.

"आमच्याकडं गहू कुठला, चाचा? भात चालंल?" वहिनीने आता वळून विचारले.

"जे तुमच्या मातीत उगवतं ते चालेल."

परतताना ती माझ्यापुढे इतकी भराभर चालली की मला धापा लागल्या. चढणीवर थांबून तिने विचारले, "मास्तर, तुझ्या पुस्तकात हाय का असा?"

"असेल," मी म्हणालो.

मला ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, असे म्हणायला पाहिजे होते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते माझ्या तोंडून आले नाही.

आई पुष्कळ कुरकुरली. "माझ्या पोराचा काय तपासायचा? बैल हाय का तो?" पण भाऊ म्हणाला, "असू दे आये. बघू तरी." त्याने स्वतः खालच्या खाचरातली माती आणली. पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा पेरणीच्या दिवसाआधी सोडायचा नसतो, म्हणून दाराच्या चौकटीला धान्यदेवी कणसरीच्या नावाने टांगलेल्या लोंब्यांतली एक वहिनीने उतरवली. दोन्ही मडक्यांत तिने त्या एकाच लोंबीतले दाणे टाकले. "म्हणजे मागून भांडण नको," ती म्हणाली. मडकी मागच्या पडवीत ठेवली. भावाचे मोठ्या काठाचे, वहिनीचे जरा फुटक्या कानाचे.

पहिल्या सकाळी भाऊ पडवीतून परत आला तो हसत. "पाड्याची माणसा वढ्यावर जातात, मी मडक्यावर जातो. उद्या कोणी इचारला तर काय सांगू?"

"सांग, खत घालतो," वहिनी आतून म्हणाली.

आईसुद्धा हसली. इतक्या दिवसांत घरात असे कोणी बोलले नव्हते. मला वाटले, दाणे उगवोत न उगवोत, या मडक्यांनी आधीच काही तरी बरे केले.

ते पावसाळ्याचे सरपण आणायचे दिवस होते. तिघेही सकाळीच रानात जात. मी घरी पुस्तक घेऊन बसे. मला दोन कामे सांगितली होती: अंगणात चटईवर वाळत घातलेल्या भातावर कोंबड्या येऊ द्यायच्या नाहीत, आणि पडवीतल्या मडक्यांवर डालगे पालथे आहे ना, ते पाहायचे.

तिसऱ्या दिवशी मी वाचता वाचता कधी झोपलो ते कळले नाही. पडवीत फडफड झाली म्हणून जाग आली. डालगे कलंडले होते आणि आमची लाल कोंबडी वहिनीच्या मडक्यात उभी राहून माती उकरत होती. मी तिला हाकलले. माती सगळी बाहेर आली होती. बोटांनी चाळून पाहिली. एकही दाणा उरला नव्हता. भावाचे मडके जसेच्या तसे होते.

मला फार लाज वाटली. एवढे शिकून एक कोंबडी राखता येत नाही, असे आई म्हणेल आणि पाडाभर सांगेल, हे मला दिसू लागले. त्यापलीकडचे काही मला दिसले नाही. मी माती पुन्हा भरली, अंगणात गेलो, चटईवरच्या भातातून सात दाणे उचलले, टरफलासकट चांगले भरलेले पाहून, आणि वहिनीने पेरले होते तसेच बोटाने दाबून पेरले. वर डालगे ठेवून त्यावर दगड ठेवला. तिघे परतले तेव्हा मी पुस्तक वाचत होतो.

सातव्या दिवशी भावाच्या मडक्यात पाच हिरव्या सुया वर आल्या. वहिनीच्या मडक्यात काही नव्हते. आठव्या दिवशी नव्हते. नवव्या दिवशी सकाळी वहिनीने मडके अंगणात आणून उपडे केले आणि मातीतून दाणे निवडले. मऊ पडून कुजले होते, बोट लावले की लगदा होत होता. तिने ते तळहातावर मोजले.

"साती हायत," ती म्हणाली. "येक पण नाय."

आईने काही टोमणा मारला नाही. तिने फक्त भावाचे मडके उचलून आत नेले आणि त्यातली पाच रोपे पाणी घालून जपू लागली. भाऊ त्या दिवशी रानात एकटाच गेला.

दोन दिवसांनी दुपारी आई उखळात भात कांडत होती. सुपात पडलेला तांदूळ पिवळट, काचेसारखा दिसत होता. मी सहज विचारले, "हा तांदूळ असा का गं?"

"उकड्या भाताचा हाय. पावसाळ्याला लागतो म्हणून हंडा भरून भात उकडला व्हता नाय का? चटईवर वाळत घातला व्हता तो. तू राखलास की." ती हसली. "इसरलास? मुंबईचा माणूस. उद्या पेरशील."

तसे टरफलात दोन्ही भात सारखेच दिसतात. उकडलेले किंचित काळसर असते. आईला ते लांबून कळते, वहिनीला अंधारात हात लावून कळेल. मला कळले नव्हते. उकडलेल्या दाण्याला कुणाचेही पाणी घाला, तो उगवायचा नाही.

मी तिथेच आईला सगळे सांगितले. कोंबडी, माती, सात दाणे. तिने मुसळ खाली ठेवले.

"तुझी माया हाय तिच्यावर, म्हणून बोलतोस," ती म्हणाली.

"नाही गं. खरंच."

"मग इतके दिवस का गप ऱ्हायलास?"

याला मी जे उत्तर दिले ते मलाच खोटे वाटले. मी म्हणालो, मला तेव्हा माहीत नव्हते की भात उकडलेले आहे. हे खरे होते. पण कोंबडीचे तर मला माहीत होते.

संध्याकाळी भाऊ आणि वहिनी दोघेही ओटीवर असताना मी पुन्हा सांगितले. भाऊ उठून उभा राहिला. मला वाटले तो मला मारील. मारले असते तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मग परत लावू. आजच लावू. मी राखतो."

वहिनीने मला विचारले, "कोंबडीनं खाल्ला तवाच का नाय सांगितलास?"

"परत लावू ना?" भाऊ तिला म्हणाला.

"नको."

"का नको? उगवंल."

"आन नाय उगवला तर?" ती म्हणाली. "आता निदान मास्तरची चूक हाय. परत टाकला आन परत कुजला, तर मग मी कोणाचा नाव घेऊ?"

भावाने तिला पुष्कळ समजावले. मीही समजावले, पुस्तकातले शब्द वापरून. ती ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. तिला भीती वाटत होती. सहा वर्षांत तिला भ्यालेली मी कधी पाहिली नव्हती. जव्हारच्या चढणीवर ती माझ्यापुढे धावत होती. ती हिंमत माझ्या सात दाण्यांनी काढून घेतली. दुसऱ्यांदा दाणे टाकायला तेच मडके आणि तीच माती होती, पण ते धैर्य राहिले नव्हते.

आई आपल्या जागी पक्की झाली. माझ्या बोलण्यावर तिने विश्वास ठेवला नाही, आणि वहिनीने पुन्हा दाणे टाकायला नकार दिला तेव्हा तर तिला पुरावाच मिळाला. "जिला भरोसा असंल ती कशाला भिईल?" ती शेजारणीला म्हणाली.

मी परत जायच्या दोन दिवस आधी राबात धूळपेर, म्हणजे पावसाआधीची कोरडी पेरणी, होती. भाजलेल्या जमिनीत पहिली मूठ घरच्या सुनेने टाकायची, अशी आमच्याकडची चाल. सहा वर्षे वहिनी टाकत आली होती आणि पीक कधी बुडाले नव्हते. त्या दिवशी तिने पदर खोचला, हात धुतले आणि टोपलीपाशी आली. आईने टोपली आपल्या कडेवर घेतली आणि शेजारच्या लेकुरवाळ्या बाईला हाक मारली. वहिनी ओल्या हातांनी उभी राहिली. मग तिने ते हात लुगड्याला पुसले आणि बांधावरची काटक्यांची मोळी उचलून घरी गेली. भाऊ बैल धरून होता. त्याने सगळे पाहिले. मीही पाहिले.

मुंबईला आल्यावर मी वसतिगृहातल्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट दुसऱ्याच कुणाची म्हणून सांगितली. तो खूप हसला. "अरे, मुतावर भात उगवला काय आणि न उगवला काय, त्यावरून माणसाचं काय कळणार? दाणे कच्चे असते तरी तेच." पुढे तो म्हणाला की अनेकदा खोट पुरुषात असते, सूक्ष्मदर्शकातून पाहिल्याखेरीज ते कळत नाही, आणि आपले लोक बायकोलाच मुळ्या पाजत बसतात. मी त्याला विचारले, मग घरी बसून काय करता येईल? त्याने खांदे उडवले.

म्हणजे परीक्षाच खोटी होती, आणि त्या खोट्या परीक्षेतही मी तिला नापास केले होते. हे कळून माझे समाधान व्हायचे कारण नव्हते. घरी ती परीक्षा खरीच होती.

तरी मी स्वस्थ बसलो नाही. वर्तमानपत्रात संततीच्या औषधाची एक जाहिरात नेहमी येई. जाहिरातीवर माझा विश्वास नव्हता. पण दुसरे काही सुचत नव्हते, आणि तिच्यात लिहिले होते की गोळ्या पतिपत्नी दोघांनी घ्यायच्या आहेत. मला तेवढेच हवे होते. भावाने गोळ्या घेतल्या तर आई म्हणेल तरी, की दोघांचे औषध चालू आहे, एवढ्यात दुसरी नको. मी डबी मागवली आणि टपालाने जव्हारच्या शाळेतल्या माझ्या जुन्या गुरुजींकडे पाठवली. सोबत पत्र लिहिले: दोघांनी, सकाळ-संध्याकाळ, दुधातून. दूध नसेल तर पेजेतून. दोघांनी, हे मी दोनदा लिहिले.

महिन्याने गुरुजींचे उत्तर आले. भाऊ बाजाराला आला असता त्याने सांगितले ते त्यांनी त्याच्याच शब्दांत लिहिले होते. तुझी वहिनी गोळ्या घेते. मी घेत नाही. माझे उगवले होते.

मी त्या ओळीकडे पाहत बसलो. मला त्या संध्याकाळचा भाऊ आठवला, 'परत लावू, मी राखतो' म्हणणारा. तोच माणूस चार महिने आईचे ऐकून ऐकून आता असे म्हणत होता. मला वाटते, त्याला त्या पाच हिरव्या सुयांचा आधार वाटू लागला असावा. माणसाला असा आधार मिळाला तर तो सोडवत नाही. मी त्याला दोष देत नाही. मी पुन्हा लिहिले, की मडक्यांची परीक्षा खोटी आहे, दोघांचीही. तुझे उगवले यालाही काही अर्थ नाही. ते पत्र गुरुजींनी त्याला वाचून दाखवले की नाही, मला माहीत नाही. कदाचित बाजारात, माणसांत, असे पत्र मोठ्याने वाचणे त्यांना बरे वाटले नसेल. मलाही बरे वाटले नसते.

दिवाळीत मी घरी गेलो नाही. परीक्षेचे कारण कळवले. खरे कारण हे की, गेलो असतो तर वहिनीने हात धुवायला पाणी दिले असते, भाकरी वाढली असती आणि काही विचारले नसते.

त्यानंतर घरून काही कळेना. मी गुरुजींना दोन पत्रे टाकली. भातकापणी होऊन गेली असेल, साखरशेतची मुलगी घरात आली असेल, असे मनाशी धरून मी दिवस मोजत होतो. रोज दुपारी वसतिगृहात टपाल येई तेव्हा मी जिन्यात उभा राही आणि पत्र नसले की थोडा वेळ बरेही वाटे.

शिमग्याच्या आधी गुरुजींचे कार्ड आले. त्यांनी लिहिले होते की उत्तरास विलंब झाला, कारण तुझा भाऊ बरेच दिवस बाजाराला आला नाही. वहिनी भात घरात आल्यावर, मळणी आटोपून, दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी दाभोशाला माहेरी निघून गेली. भाऊ तीन वेळा आणायला गेला. पहिल्या दोन वेळा ती बाहेर आली नाही. तिसऱ्या वेळी ती तिथे नव्हतीच. पंचांपुढे सगळे रीतसर होऊन तिने त्याच गावातल्या एका विधुराचे घर धरले आहे. त्याला आधीची दोन लहान मुले आहेत आणि ती तिला आई म्हणतात. साखरशेतच्या मुलीला भावाने नकार दिला आहे. घरी आता तो आणि तुझी आई अशी दोघेच आहेत.